चर्चच्या पाळकांना मंडळीचा हिशोब विचारणं म्हणजे ‘अभिषिक्ताला हात लावणं’ आहे का?

अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की हंगामाच्या उपासनेतल्या अर्पणाचा हिशोब विचारल्यावर पाळकसाहेबांनी ‘देवाच्या अभिषिक्ताला (म्हणजे देवाने निवडून नेमलेल्या माणसाला) हात लावू नका’ असं ऐकवलं आणि सगळे गप्प बसले. मी नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते वचन बायबलच्या स्तोत्र 105 मधलं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल चाललंय. मूठभर माणसं परक्या मुलखात भटकत होती आणि त्यांना छळू नका, असं देवाने राजांना बजावलं. हिशोबाचा तिथे विषयच नाही.

दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, हेही लोक सांगतात. खरंय, पण 1 शमुवेल 24 शेवटपर्यंत वाचा. एनगेदीच्या गुहेत त्याने शौलाला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला. मग बाहेर येऊन त्याच शौलाला हाक मारली, लवून नमन केलं, ‘माझ्या बापा’ म्हटलं, आणि तो तुकडा दाखवून विचारलं की माझा अपराध नसताना माझ्या जिवावर का उठलास? मान ठेवूनच त्याने जाब विचारला.

प्रेषित पौलाचं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मोठी वर्गणी जमत होती. 2 करिंथ 8 मध्ये पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ पाठवतो आणि कारणही सांगतो: या दानाबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, प्रभूपुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख असावा. प्रेषित असून त्याला हे गरजेचं वाटलं.

आमच्याकडे उपासना संपली की थैली सगळ्यांसमोर बाकावर रिकामी होते. दोघं मोजतात, तिसरा लिहितो, तिघं सह्या करतात. हंगामाच्या रविवारी भात, तूर, भोपळे, कोंबड्या येतात, त्यांचा लिलाव होतो. बोली सुटली की वस्तू, नाव, रक्कम लगेच वहीत. ‘पैसे बाजाराच्या दिवशी देतो’ म्हणणाऱ्याचं नाव उधारीच्या रकान्यात. घोळ होतो तो बहुतेक इथेच. कोणी चोरी केलेली नसते, उधारीच्या बोल्या लिहिलेल्या नसतात.

तुम्ही आता भर सभेत पुन्हा उठू नका. मत्तय 18 प्रमाणे आधी एकट्याने घरी जाऊन बोला, नाही जमलं तर मंडळीच्या एकदोन वडिलांना (कारभारी ज्येष्ठांना) घेऊन जा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा आरोप ऐकू नये, असं 1 तीमथ्य 5:19 सांगतं, म्हणून संशय बाहेर बोलू नका. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशोब ठेवणं विश्वस्तांवर बंधनकारकच आहे, पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका.

त्याआधी कमिटीला विचारा, पाळकसाहेबांचं मानधन वेळेवर मिळतं का? 1 तीमथ्याच्या त्याच अध्यायात, एकच वचन आधी, कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे असं लिहिलंय. गावाकडे मानधन महिनोन्महिने थकतं आणि पाळकाची चूल अर्पणावरच पेटते. तसं निघालं तर उचललेली रक्कम मानधनाच्या खाती लिहा, आणि पुढच्या कमिटीत महिन्याचा आकडा ठरवून ठराव करून घ्या.