फ्युजिबल अ‍ॅप्लिकच्या (इस्त्रीने चिकटवलेल्या कापडी आकृत्यांच्या) कडा धुतल्यावर सुटतात आणि क्विल्ट कडक होते. जास्त चिकट वेब (तुकड्यामागे लावायची, कागदावरची गोंदाची जाळी) कोणती घ्यावी?

कुठलीच घेऊ नका. जास्त चिकट वेब म्हणजे गोंदाचा जाड थर. क्विल्ट आणखी कडक होईल आणि कडा सुटायच्या त्या सुटतीलच. टाका पडेपर्यंत तुकडा हलू न देणं एवढंच वेबचं काम. धुण्यात कडा धरून ठेवतो तो दोरा. कडेने शिवलंय की नाही हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा शिवलेलं नसावं.

दुरुस्तीला येणाऱ्या क्विल्टमध्ये हाच नमुना सारखा दिसतो. लहान बाळाची एक क्विल्ट आली होती, तिच्यावर फुलं, पानं आणि मध्ये एक पक्षी. पाकळ्यांची टोकं उचललेली. पक्ष्याच्या पोटावर एकावर एक चार तुकडे, प्रत्येकामागे पूर्ण आकाराची वेब, आणि तीही ‘शिवायची गरज नाही’ या जातीची. फिकट कापडावर तेलकट दिसणारे डाग होते. ते तेल नव्हतं, इस्त्री जास्त वेळ टेकवल्यामुळे कापडातून वर आलेला गोंद होता. शिवणाऱ्या बाईंना वर्गात सांगितलं होतं की इस्त्री कॉटनवर ठेवा, भरपूर वाफ द्या, जितका वेळ दाबाल तितकं घट्ट बसेल. ही शिकवण अजून चालू आहे आणि तिच्याबद्दल माझं मत अजिबात सौम्य नाही.

हा गोंद उष्णतेने वितळतो आणि थंड झाला की घट्ट होतो. उष्णता कमी पडली तर तो कापडाच्या पृष्ठभागावरच राहतो आणि सोलला जातो. जास्त झाली तर पातळ होऊन धाग्यांत खोल उतरतो आणि दोन कापडांच्या मध्ये, जिथे तो हवा असतो, तिथेच उरत नाही. म्हणजे ‘जास्त वेळ’ने पकड वाढत नाही, घटते. वाफ द्यायची की नाही याचं एकच एक उत्तर नसतं. हीटएनबाँड लाइट या वेबला मध्यम, कोरडी इस्त्री लागते, वाफ अजिबात नको आणि काम काही सेकंदांत होतं. पेलॉनच्या वंडर-अंडरला शेवटच्या चिकटवणीत लोकरीचं तापमान, वर ओलसर कापड आणि एका जागी १० ते १५ सेकंद लागतात. एकीची रीत दुसरीला लावली की दोन्हीकडून बिघडतं. वेष्टणावरच्या सूचनांचा कागद फेकू नका. उरलेल्या वेबच्या गुंडाळीतच खोचून ठेवा.

इस्त्री घासायची नाही. उचलायची आणि टेकवायची, प्रत्येक ठेवणीत मागच्या जागेवर थोडी चढवत. कागद काढण्याआधी कापड पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ओढलात तर गोंद कागदाबरोबर येतो. कागदाची कड नखाने उकरत बसू नका, त्याने कापडाच्या दशा निघतात. टाचणीने कागदाच्या मधोमध एक ओरखडा काढा आणि तिथून सोला. आणि कापड आधी धुऊन घ्या, सॉफ्टनर न घालता. नव्या कापडाची खळ आणि सॉफ्टनरचा थर, दोन्ही गोंदाला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. न धुतलेलं कापड नंतर आटतं आणि तुकड्याभोवती चुण्या पडतात, तो भाग वेगळाच.

आता कडकपणा. वेबला खिडकी पाडा. आकृती कागदाच्या बाजूवर उलटी काढलीत की बाहेरून साधारण ६ मिमी सोडून ढोबळ कापा. मग आतल्या बाजूनेही रेषेपासून ६ मिमी सोडून मधला भाग कापून काढा. हातात वेबची नुसती चौकट उरते. ती कापडाच्या उलट बाजूला चिकटवा, मगच रेषेवर कापा. गोंद फक्त कडेला राहतो, मधलं कापड मऊ राहतं. काढून टाकलेल्या मधल्या भागातून लहान आकृत्या निघतात, म्हणजे वेबही वाया जात नाही. कडेचा टाका झाला की मोठ्या तुकड्यामागचं पार्श्वभूमीचं कापडही टाक्यापासून ६ मिमी सोडून कापून टाकता येतं, अर्थात तीन थर (वरचं कापड, मधली बॅटिंग म्हणजे भरण, आणि अस्तर) जोडण्याआधी.

थरांवर थर येत असतील तर खालचा तुकडा वरच्याखाली ३ ते ६ मिमीच सरकवा, अख्खा नको. पक्ष्याचं पोट पुठ्ठा झालं ते याच कारणाने. असे तुकडे आधी अ‍ॅप्लिक शीटवर (जिला गोंद चिकटत नाही) एकमेकांना जोडून घ्या, गार झाल्यावर अख्खी आकृती उचला आणि मग पार्श्वभूमीवर बसवा. शीट नसेल तर सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर चालतो, मेणकागद मात्र नाही, मेण वितळून कापडाला लागतं.

फ्युजिबलला ‘पळवाट’ म्हणणारे हाताने कड दुमडणारे लोक याच कडकपणावर बोट ठेवतात. खिडकी पाडलेल्या तुकड्यावर हात फिरवून त्यांनी मग बोलावं. दुमडलेली कड सुरेख दिसते, मान्य. पण ३ मिमी रुंदीचा देठ आणि सुईसारखं टोकदार पान दुमडून दाखवताना त्यांचाही घाम निघतो.

टाक्याबद्दल. ब्लँकेट स्टिच (कडेने सरळ जात मध्ये मध्ये आत आडवा दात टाकणारा टाका) घ्या, लांबी आणि रुंदी दोन्ही २.५ मिमीच्या आसपास, लहान आकृतीला २. सुई ७५/११ किंवा ८०/१२, दोरा ५० वजनाचा सुती, मशीनला पुढून उघडा फूट. सरळ जाणारा टाका पार्श्वभूमीवर, कडेला अगदी चिकटून पडला पाहिजे आणि आडवा दात तुकड्यात. बाहेर फुगलेल्या वळणावर सुई पार्श्वभूमीत असताना फूट उचलून कापड फिरवा, आत वळणाऱ्या ठिकाणी सुई तुकड्यात असताना. हे उलटं झालं की दात पंख्यासारखे पसरतात किंवा मध्येच फट दिसते. पाकळीच्या टोकावर एक दात नेमका टोकाच्या दिशेने पडू द्या. धुण्यात सगळ्यात आधी टोकच उचलतं. सॅटिन स्टिच (कड झाकणारा दाट झिगझॅग) हवा असेल तर लांबी ०.३ ते ०.४ मिमी आणि खाली फाडून काढायचं स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा थर), नाहीतर कापड बोगद्यासारखं आत ओढलं जातं.

दोरा तुटत असेल, टाके सुटत असतील तर आधी सुई बघा, गोंद लागलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. वारंवार लागत असेल तर वेब शिवण्याजोगी नाही, किंवा नीट चिकटलेली नाही, किंवा तुम्ही कापड गार व्हायची वाट न बघता मशीनवर घेताय.

भिंतीवर टांगायच्या क्विल्टला यातलं बरंचसं लागू नाही. जी कधी धुवायची नाही तिला नुसती वेबही पुरते. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याला खिडकी पाडू नका, चौकटच हातात तुटते. जुन्या वेबचा गोंद कागदापासून सुटून फाटू लागला असेल तर ती महत्त्वाच्या कामाला नको. कृत्रिम कापडावर वरची तापमानं वापरण्याआधी कातरणावर करून बघा. खरं तर सुती कापडावरही बघाच: चिकटवा, पूर्ण गार करा, मग कोपरा ओढा.

तुमच्या हातातली क्विल्ट वाचेल, मऊ मात्र होणार नाही, कारण आतला गोंद आता काढता येत नाही. ती धुऊन पूर्ण वाळवा. सुटलेल्या कडा शीट ठेवून तुमच्या वेबच्या सूचनांप्रमाणे एकदाच दाबा. आतली बॅटिंग पॉलिएस्टरची असेल तर तेवढाही वेळ देऊ नका, ती चपटी होते. मग तिन्ही थरांतून कडेने ब्लँकेट स्टिच मारा किंवा कडेच्या आत २ मिमीवर सरळ टाका. सरळ टाक्यात कडेच्या दशा टाक्यापर्यंत निघतील, तिथे थांबतील. टाका मागच्या बाजूला दिसणार, म्हणून बॉबिनला अस्तराच्या रंगाचा दोरा घाला.