ऑफर एकीची, बिऱ्हाड सगळ्यांचं

प्रिय ताई,

मी ३६ वर्षांची, बॅकएंड डेव्हलपर. एकाच कंपनीत आठ वर्षं झाली. माणसं चांगली आहेत, पण गेली दोन वर्षं तेच ते काम करतेय. आता दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीकडून टीम लीडची ऑफर आलीय. एकूण पॅकेज ४० टक्क्यांनी जास्त, त्यात जॉइनिंग बोनस आणि शेअर्सही धरलेत. ऑफिसला आठवड्यातून तीनच दिवस जायचं. पण शहर सोडावं लागेल. नवरा फिजिओथेरपिस्ट आहे, नऊ वर्षांपासून स्वतःचं क्लिनिक चालवतो. मुलगी चौथीत. आई दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "तू म्हणशील तसं." आई म्हणते, "माझी काळजी करू नकोस." फायदे-तोट्यांना गुण देऊन एक्सेल शीट केलीय, सोबत जोडतेय. बेरीज रोज वेगळी येते. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. माझ्या एकटीच्या नोकरीसाठी सगळ्यांना हलवायचा मला अधिकार आहे का?

ता. क. नवरा मात्र पुढच्या तीन महिन्यांच्या अपॉइंटमेंट्स घेतोच आहे.

— द्विधा

प्रिय द्विधा,

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ अगं-तुगं करते.

आधी अधिकाराचं बोलू, कारण झोप त्यानेच उडालीय असं दिसतंय. आहे अधिकार. हेच पत्र एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं, तर त्याने मला घर कुठल्या भागात बघू एवढंच विचारलं असतं. बायकोचं क्लिनिक, आईचा गुडघा यांचा उल्लेखही आला नसता कदाचित. तू उलट टोकाला गेलीस: विचारायचं सोडून परवानगी मागत बसलीस. ती मी देऊ शकत नाही आणि तुला तिची गरजही नाही.

आता तुझी शीट. मी ती नीट पाहिली. घरभाडं आहे, शाळेची फी आहे, जाण्यायेण्याचा वेळ आहे. 'करिअर ग्रोथ' अशी एक मोघम ओळ आहे आणि तिला दहापैकी नऊ गुण आहेत (कशाचे, ते तुलाही सांगता येईल का, शंका आहे). मुलीसाठी दोन ओळी, आईसाठी एक. नवऱ्याच्या क्लिनिकची ओळच नाही. त्याच्या अपॉइंटमेंट्सही आल्यात त्या थेट ता. क. मध्ये. बेरीज रोज बदलते यात नवल काय? सगळ्यात मोठा आकडा त्यात धरलेलाच नाही.

१९७८ साली जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञाने कुटुंबांच्या स्थलांतरावर एक निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. कुटुंब जागा बदलतं तेव्हा घराची एकूण मिळकत वाढत असेलही, पण ती वाढ आणि प्रत्येकाचा फायदा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाला जितकं मिळतं त्यापेक्षा दुसऱ्याचं कमी जात असेल तर घर हलतं, आणि ज्याचं जातं तो मागोमाग निघतो. त्या काळात मागोमाग निघणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या. तुझ्या घरात ती पाळी नवऱ्यावर आलीय, एवढाच फरक. आणि तुझं काम सोबत नेता येतं तसं त्याचं नेता येत नाही. तुझा अनुभव तू लॅपटॉपबरोबर घेऊन जाशील. त्याचे पेशंट नऊ वर्षांत एकाने दुसऱ्याला सांगून जमलेले आहेत, ते सामानाच्या ट्रकमध्ये चढवता येत नाहीत. नव्या शहरात तो पहिल्या दिवशी अनोळखी माणूस असेल, भलेही हात तितकाच चांगला असो.

म्हणून त्याचं "तू म्हणशील तसं" मला होकार वाटत नाही. नकारही वाटत नाही. बहुधा तुझ्या आनंदावर पाणी पडू नये म्हणून तो गप्प बसलाय, आणि इकडे जाणं होणारच नाही असं धरून डायरी भरतोय. आईचं "काळजी करू नकोस" त्याच जातीचं. तुमच्या घरात सगळेच एकमेकांना जपतात आणि खरं कोणीच बोलत नाही.

त्याला पुन्हा "येशील का?" असं विचारू नकोस, उत्तर तेच मिळेल. विचारायचंच तर असं विचार: क्लिनिक बंद केलं तर पुन्हा इतकं काम उभं राहायला किती महिने लागतील? तोवर घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं तर तुला कसं वाटेल? तिथे दुसऱ्याच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करावी लागली तर चालेल? क्लिनिक कोणाच्या हाती सोपवता येईल असं एखादं माणूस आहे का? आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये उपाय सुचवायचा नाही. आम्हा प्रॉब्लेम सोडवणाऱ्या बायकांना हे जड जातं, पण जमव.

यात पैशाचीही बाजू आहे, आणि ती तू पूर्ण धरलेली नाहीस. क्लिनिक म्हणजे तुमच्या घराची दुसरी मिळकत, आणि ती तुझ्या क्षेत्राच्या चढउतारांवर अवलंबून नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने ११ हजारांवर लोक कमी केले, जानेवारी २०२३ मध्ये गुगलने सुमारे १२ हजार. घरी बसायची वेळ आली ती चांगलं काम करणाऱ्यांवरही. नव्या शहरात तू कंपनीत सगळ्यात नवी असशील, क्लिनिक बंद असेल आणि भाडं सुरू असेल. असं होईलच असं मी म्हणत नाही. झालंच तर किती महिने काढता येतील, एवढं दोघांनी कागदावर मांडा.

आता त्या ४० टक्क्यांकडे ये. ऑफर लेटरमधला एकूण आकडा झाकून ठेव आणि दुसऱ्या वर्षी हातात काय येईल ते काढ. जॉइनिंग बोनस पहिल्याच वर्षीचा, तो वजा. व्हेरिएबल म्हणजे कंपनीचं आणि तुझं दोघांचं वर्ष बरं गेलं तर मिळणारी रक्कम, ती निम्मीच धर. शेअर्स बहुतेक ठिकाणी चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलंस तर काहीच मिळत नाही. कंपनी शेअर बाजारात नसेल तर ते विकायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. आणि शेअर्सच्या नावाखाली ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा नुसता हक्क, दिले असतील तर ते शेअर आपल्याच पैशाने विकत घ्यावे लागतात. नोकरी सोडल्यावर त्यासाठी बऱ्याच कंपन्या फक्त ९० दिवस देतात. एवढं वजा करून काय उरतं बघ. तेही आजच्यापेक्षा बरंच जास्त असेल, तर ऑफर खरोखर चांगली आहे.

बोनस आणि सामान हलवण्याचा खर्च परत करण्याचं कलम कुठेतरी बारीक अक्षरात असेलच. वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत सोडलं तर पैसे परत. तिथे दोन गोष्टी बघ. कंपनीनेच काढलं तरी परत करायचे का? तसं असेल तर ते बदलून घे, ही मागणी कोणालाही वावगी वाटणार नाही. दुसरं, जितके महिने काम केलं तितकी रक्कम कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण द्यावी लागते? काही करारांत तर टॅक्स कापायच्या आधीची रक्कम मागतात, म्हणजे हातात आलेच नव्हते तेही परत करायचे.

तीन दिवस ऑफिस हे तुला कोणी सांगितलं? एचआरने फोनवर की मॅनेजरने गप्पांत? लेटरमध्ये आहे का? आणि असलं तरी ते कायमचं समजू नकोस. ॲमेझॉनने २०२३ मध्ये आठवड्यातून तीन दिवस असा नियम केला आणि जानेवारी २०२५ पासून तो पाच दिवसांवर नेला. तीन दिवसांच्या हिशेबाने लांब घर घेतलंस आणि पाच दिवस झाले, तर मुलगी संध्याकाळी तुला झोपाळलेलीच दिसेल.

आणखी एक प्रश्न आहे, जो ऑफरच्या आनंदात हमखास राहून जातो. तुझी टीम बसते कुठे? त्याच शहरात, त्याच मजल्यावर? की दोघं इथे, चौघं तिथे आणि मॅनेजर तिसऱ्याच टाइम झोनमध्ये? घरदार हलवून लोक नव्या ऑफिसात जातात आणि दिवसभर काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून व्हिडिओ कॉलवर असतात. तेच काम जुन्या घरातल्या टेबलावरही झालं असतं. टीम विखुरलेली निघाली तर स्थलांतराची अट बरीच सैल करून घेता येते, आणि तुझ्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच ठरेल. याच फोनमध्ये विचारून घे की ही जागा रिकामी का झाली, आधीचा लीड कुठे गेला आणि रात्रीबेरात्री सिस्टिम बंद पडली तर ऑन-कॉल कोण असतं.

मुलीची मला फारशी चिंता वाटत नाही. चौथीतली मुलं रुळतात. फक्त वर्षाच्या मध्ये शाळा बदलू नका. आईला मात्र नुसतं विचारून भागणार नाही. तिच्यासोबत एक अख्खा दिवस काढ आणि दिवसभरात ती कुठल्या कुठल्या गोष्टीसाठी तुला हाक मारते ते बघ. औषधं, जिना, बँक, की नुसतं संध्याकाळचं बोलणं? पहिल्या तिन्हींसाठी माणूस ठेवता येतं.

तू कदाचित म्हणशील, इतका विचार करत बसले तर कधीच काही बदलणार नाही. यात तथ्य आहे. स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने अडलेल्या लोकांना नाणं उडवून निर्णय घ्यायला लावला होता: नोकरी सोडू की नको, नातं तोडू की नको. मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, तसंच राहिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. म्हणजे आपण बदलाला वाजवीपेक्षा जास्त घाबरतो. तुझी दोन वर्षांची 'तेच ते' मी हलक्यात घेत नाही. ३६व्या वर्षी शिकणं थांबलं की पुढे ते जड होत जातं. फक्त लेव्हिटने मोजलं होतं ते निर्णय घेणाऱ्यांचं समाधान. त्यांच्यामागे कोणाला घर सोडावं लागलं असेल, तर ते किती समाधानी होते हे त्याने मोजलेलं नाही.

माझं मत विचारशील तर ऑफर घे, पण क्लिनिकला इतक्यात कुलूप लावू नका. आधी तू एकटी जा, प्रोबेशन संपेपर्यंत. शक्य असेल तर सुरुवातीचे काही महिने घरूनच काम माग. त्या काळात नवरा एक-दोनदा तिकडे येऊन आपल्या धंद्याच्या नजरेने शहर बघेल, इथे हाताखाली एखादा ज्युनियर तयार करेल. आणि एक तारीख ठरवा: त्या दिवसापर्यंत एकतर ते सगळे तिकडे येतील किंवा तू परत येशील. तारखेशिवाय दोन घरं करू नका, ती लांबत जातात, आणि तोवर आई, मुलगी, डबा सगळं त्याच्या एकट्यावर पडतं. हे त्याला आधी मोकळेपणाने सांगायला हवं.

तो मोकळेपणाने बोलला आणि नको म्हणाला, तर नाही कळव. कळवून झाल्यावर पुढची दहा वर्षं ते त्याला ऐकवू नकोस. ही ऑफर आली म्हणजे बाजारात तुला किंमत आहे. तशीच दुसरी शोध, आता घरून काम चालणारी किंवा याच शहरातली. ऑफर लेटर आताच्या बॉसला दाखवून पगार वाढवून घ्यायचा मोह मात्र आवर. पगार वाढेल, पण कंटाळा तुला पैशाचा नाही, कामाचा आलाय.

राजीनाम्याची घाई नको. जून २०२२ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो-व्यवहारांच्या कंपनीने लोकांनी स्वीकारलेल्या ऑफर्सही मागे घेतल्या होत्या. सही झालेलं लेटर हातात येऊन बॅकग्राउंड चेक पूर्ण होईपर्यंत ना इथे राजीनामा, ना शाळेत दाखल्याचा अर्ज.

शुक्रवारची मुदत दगडावरची रेघ नाही. इतके इंटरव्ह्यू घेऊन निवडलेल्या माणसाला आठवडा वाढवून द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि म्हणालेच तर तेही तुला त्या कंपनीबद्दल काहीतरी सांगतंय. उद्या सकाळी एवढं पाठव:

"ऑफरबद्दल आभार. काम मला आवडलं आहे. स्थलांतराचा निर्णय कुटुंबासोबत घ्यायचा असल्याने पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ हवा आहे. दरम्यान टीममधले किती जण कुठल्या ऑफिसात बसतात, ऑफिसला येण्याचे दिवस लेटरमध्ये लिहून मिळतील का आणि बोनस परत करण्याचं कलम कंपनीने काढल्यास लागू होतं का, हे कळवावं. सुरुवातीचे काही महिने घरून काम करण्याबद्दल हायरिंग मॅनेजरशी बोलायला आवडेल."

पगाराचा विषय या मेलमध्ये नको. तो मॅनेजरशी फोनवर बोल, आणि तेही नवऱ्याशी बोलून झाल्यावर.

— ताई