मोबदला घ्या, पण ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहूनच

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आमच्या शिवारात साठवण तलाव होतोय, माझी दीड एकर बागायत त्यात जाते. मोबदल्याचा निवाडा झाला. सातबाऱ्यावर नुसती ज्वारी लागलेली, म्हणून जिरायताचा दर धरला. विहीर, केशर आंब्याची झाडं यांचेही पैसे फार कमी. भावकी म्हणते, पैसे घेतले की हक्क संपला. पण मुलीचं लग्न ठरलंय. काय करू?
— एक शेतकरी, जि. धाराशिव

उत्तर : दादा, पैसे घ्या. भावकीचं म्हणणं अर्धंच खरं आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अपुरा मोबदलाही हरकत राखून घेता येतो. हरकत न नोंदवता घेतला, तर मात्र वाढीव मोबदल्याचा रस्ता बंद होतो. म्हणून पावतीवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : ‘रक्कम अपुरी आहे, अंडर प्रोटेस्ट स्वीकारली.’ रक्कम थेट खात्यात येणार असेल, तर त्याआधी लेखी हरकत देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. ‘दर मान्य आहे’ असं छापलेल्या कागदावर कोणी कितीही घाई केली तरी सही करू नका.

दुसरं, वाढीव मोबदल्यासाठी कलम 64 चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या तारखेपासून फक्त सहा आठवडे मिळतात. हजर नसाल तरी तोच हिशेब धरा. सबळ कारण असेल तर उशिराचा अर्जही घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. खरी तक्रार असलेले कितीतरी जण माझ्याकडे मुदत उलटल्यावर येतात, तेव्हा जीव तुटतो.

आता पुरावा. कलम 26 प्रमाणे रेडी रेकनरचा (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला) दर आणि आजूबाजूच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातला जो जास्त तो धरायचा असतो. दुय्यम निबंधकांकडून बागायत जमिनींचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे, काढा. मुद्रांक वाचवायला खतात कमी किंमत लिहायची आपल्याकडची रीत इथे साऱ्या गावाला नडते, म्हणून चार खतं जास्त शोधावी लागतील.

सातबाऱ्यावर ज्वारी असली तरी बागायत सिद्ध करता येते. शेतीपंपाची वीजबिलं, ठिबकच्या अनुदानाचे कागद, आडतीवरच्या आंब्याच्या पट्ट्या गोळा करा. संयुक्त मोजणीचा तक्ता आणि झाडांच्या पंचनाम्याची नक्कल मागा. झाडांचं वय तिथेच कमी लिहिलेलं असतं. तलावाचं काम सुरू व्हायच्या आत बागेचे, विहिरीचे फोटो काढून ठेवा आणि फळबागेच्या जाणकाराकडून मूल्यांकन करून घ्या.

निवाड्याचा तक्ताही नीट तपासा. जमीन, विहीर, झाडं या सगळ्यांच्या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम धरली आहे का? बाजारभावावर वार्षिक 12 टक्क्यांची जादा रक्कम लावली आहे का? या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. कापला असेल तर तेही अर्जात लिहा.