अंत्यविधीचं सामान देणारा माणूस नेमकं काय काय करतो? (बेळगाव)

सामान विकणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम. माझ्या मामांचं बेळगावात हेच दुकान, मी कॉलेजात असताना तिथं बसायचो. रात्री दोनला फोन आला की मामा पहिलं विचारणार, डॉक्टर येऊन बघून गेले काय? कारण घरी मरण आलं तर डॉक्टरचा कागद लागतो, आणि अपघात किंवा संशय असेल तर पोलीस आणि पोस्टमार्टम झाल्याशिवाय बॉडी हलवायचीच नाही. मग कळक, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गोवऱ्या, शववाहिका, स्मशानात लाकडाचं सांगून ठेवणं. लिंगायत घर असेल तर बहुतेक दफन असतं, बसवून, म्हणजे तिरडीचा प्रश्नच नाही, खड्डा खणणारी माणसं बघायची, आणि बोलणं सगळं कन्नडात. तिरडीची गाठ मात्र मामा स्वतःच मारायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. रक्षाविसर्जन कधी हेही लगेच ठरवून घ्यायचं, पेपरातल्या निधनवार्तेत टाकावं लागतं. आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे, नाहीतर नंतर बँकेत हेलपाटे.