बक्कल उघडू नका, ताई

भांडुपच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"मॅडम, गुढीपाडव्याला मुलासाठी १२५ सीसीची स्कूटर घेतली, माझ्या नावावर. शोरूमने ॲक्सेसरी किटचे ६,२०० आणि हँडलिंग चार्जेस म्हणून १,५०० लावले. किट नको म्हटलं तर 'मग गाडी पंधरा दिवसांनी' असं उत्तर. पाडव्याला गाडी दारात हवी होती, मुकाट्याने दिले. हेल्मेटही त्यांचंच घ्यायला लावलं: १,७९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून २,१२३ रुपये. घरी खोक्यावरचा स्टिकर सुटला तर खाली १,२९९ छापलेलं! जूनमध्ये हेल्मेटची क्लिप धरेनाशी झाली. १२ जूनला पट्टा लोंबत असताना ट्रॅफिक पोलिसांनी फोटो काढला आणि हजार रुपयांचं ई-चलन आलं. १४ जूनला शोरूमच्याच काउंटरवरच्या मुलाने १५० रुपये घेऊन क्लिप बदलून दिली. बिल नाही, पैसे त्याच्या मोबाइलवर यूपीआयने. ३ जुलैला पावसात एलबीएस रोडवर पेव्हर ब्लॉकवरून गाडी घसरली, हेल्मेट डोक्यावरून निघून लांब पडलं, मुलाच्या कपाळाला चार टाके. शोरूमवाले म्हणतात, 'पट्टा लावलाच नसेल, आधीचं चलनच सांगतंय. आणि हेल्मेटला वॉरंटी नसते.' आता म्हणतात, हेल्मेट घेऊन या, नवीन देतो. देऊ का? चलनाचा विषय काढूच नये का? आणि शेजाऱ्यांना हीच गाडी ठाण्यात चार हजारांनी स्वस्त मिळाली, त्याचं काय?"

ताई, हेल्मेट देऊ नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे आधी.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. त्यांच्यासोबत तुम्ही लिहिलंय, 'क्लिप तुटली'. फोटोत क्लिप तुटलेली नाही. दातेरी पट्टी बक्कलच्या खाचेत आत शिरलेली आहे, म्हणजे बक्कल बंद आहे. सुटलंय ते बक्कल पट्ट्याला जिथे शिवलं आहे तिथे. पट्ट्याच्या एका बाजूची शिलाई काळ्या दोऱ्याची, कारखान्यातली, सरळ, शाबूत. दुसऱ्या बाजूला राखाडी दोऱ्याचे तुटके टाके दिसतात. हा राखाडी दोरा कारखान्याचा वाटत नाही. १४ जूनच्या दीडशे रुपयांचा असावा.

याचा अर्थ लक्षात घ्या. पट्टा लावलाच नसता तर बक्कल उघडं राहिलं असतं आणि शिलाईवर ताणच आला नसता. बक्कल बंद आणि शिलाई उसवलेली, ही अवस्था हनुवटीखाली पट्टा लावलेला असतानाच येते. शोरूमच्या 'पट्टा लावला नव्हता' या म्हणण्याला हेल्मेट स्वतःच उत्तर देतंय. म्हणून ते बक्कल कुणी उघडून बघू नये, मुलानेही नाही, कौतुकाने शेजाऱ्यांनीही नाही. स्वच्छ कापडी पिशवीत घाला, पिशवी शिवून टाका, वर तारीख आणि दोघांच्या सह्या.

समोरचा वकील विचारेल की बक्कल नंतर घरी बंद केलं नाही कशावरून. त्यासाठी रस्त्यावर मुलाच्या मित्राने काढलेले फोटो मोलाचे आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत पुरेशी नाही. त्याच्या फोनमधली मूळ फाइल जपा, तिच्यात वेळ नोंदलेली असते. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत जोडायचं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका कर्मठ नसतो, पण एका कागदाने तोंड बंद होत असेल तर आळस कशाला?

आता चलन. ते लपवायचं तुमच्या मनात आलं, कुणाच्याही येईल. डोक्यावर हेल्मेट असून दंड कसा, असंही तुम्हाला वाटत असेल. दंड बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची व्याख्याच अशी आहे की ते पट्ट्याने किंवा अन्य बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट कायद्याच्या लेखी टोपी. कलम १९४ड प्रमाणे हजार रुपये दंड, आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, तेही ध्यानात असू द्या.

पण तारखा एका ओळीत लिहून बघा. १२ जूनला पट्टा लोंबतोय. १४ जूनला क्लिप धरत नाही म्हणून शोरूममध्ये पैसे मोजून बदलली. ३ जुलैला अपघात. चलन नुसतं पाहिलं तर मुलगा बेफिकीर दिसतो. यूपीआयच्या नोंदीशेजारी ठेवलं तर दिसतं ते एवढंच, की बक्कल आधीपासून नादुरुस्त होतं आणि दंड झाल्यावर दोन दिवसांत तुम्ही ते दुरुस्त करून घेतलंत. चलन तक्रारीत स्वतःहून जोडा. लपवलंत आणि समोरच्याने बाहेर काढलं, तर आयोगाला तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद वाटतील. एक मात्र मुलाला एकट्याला बसवून विचारा: १४ जूननंतर क्लिप नीट लागत होती का, की 'चालतंय' म्हणून तो तसाच फिरत होता? पट्टा किती सैल ठेवायचा? हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील इतका, की अख्खी मूठ? उत्तर गैरसोयीचं असेल तर मला किंवा तुमच्या वकिलाला आधी कळू दे. भरपाई थोडी कमी होईल, केस बुडणार नाही.

कायदा काय म्हणतो ते सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा, कोण केव्हा जबाबदार हे त्यात आहे. शोरूमवाला कलम ८७ चा आधार घेईल: वस्तूत फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. खरं आहे, तसं लिहिलंय. पण त्याच्या एक पाऊल अलीकडे कलम ८६ आहे. विक्रेत्याने स्वतः वस्तूत फेरफार केला आणि त्यामुळेच इजा झाली, तर तो जबाबदार. वस्तू जोडताना, तपासताना, सांभाळताना वाजवी काळजी घेतली नाही तरी जबाबदार. स्वतःच पट्टा कापून, राखाडी दोऱ्याने शिवून मग 'फेरफार झालाय हो' म्हणायचं, हे माझ्या मते कुठलाही आयोग ऐकून घेणार नाही.

मग तो दुसरी पळवाट धरेल: ते काम त्या मुलाने खाजगीत केलं, पैसे त्याच्या नंबरवर गेले, शोरूमचा संबंध नाही. इथे तुमची बाजू थोडी लंगडी आहे, उगाच धीर देत नाही. काम शोरूममध्ये, कामाच्या वेळेत, त्यांच्याच काउंटरवर, त्यांनीच विकलेल्या हेल्मेटवर झालं. नोकराने नोकरीच्या ओघात केलेलं काम मालकाच्या अंगावर येतं. पण काउंटरवर झालं हे दाखवायला हवं. सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं, म्हणून नोटीस याच आठवड्यात द्या आणि '१४ जूनचं चित्रण जपून ठेवावं' असं तीत स्पष्ट लिहा. नंतर 'नाही हो, उडालं' म्हणाले तर आयोग त्यातून योग्य तो निष्कर्ष काढू शकतो. त्या दिवशी तुमच्यासोबत कोण होतं, मुलाने घरी 'शोरूममध्ये आहे' असा मेसेज टाकला होता का, तेही शोधा. त्या काउंटरवरच्या मुलावर मात्र राग काढू नका. त्याला प्रतिवादी करून काही मिळणार नाही, आणि उद्या तोच खरं सांगायला तयार होऊ शकतो.

हेल्मेट कंपनीलाही पक्षकार करा. मूळ क्लिप अडीच महिन्यांत गेली, हा त्यांच्या दर्जाचा प्रश्न. दुचाकीची हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाची असणं, त्यांवर आयएसआय चिन्ह असणं १ जून २०२१ पासून सक्तीचं आहे, आणि पट्टा व त्याची बांधणी किती ताण सोसते ही चाचणी त्या मानकातच येते. मागच्या बाजूला चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपवर घालून बघा, पिशवी शिवायच्या आधी! परवाना भलत्याच कंपनीचा किंवा संपलेला निघाला तर प्रकरणाचा रंगच बदलतो. त्याची तक्रार ॲपवरूनच ब्यूरोकडे करता येते, त्यांचं कार्यालय अंधेरी पूर्वेला मरोळ एमआयडीसीत आहे.

एक चुकीचा मुद्दा तुमच्या पत्रात डोकावतो, तो काढून टाका: 'या दात्यांच्या क्लिपा मुळात फालतूच असतात'. तसं नाही. दोन कड्यांतून पट्टा ओवायचा जुना प्रकार ओढाल तितका आवळतो, म्हणून शर्यतवाले त्यालाच धरून असतात. पण बर्फावर स्नोमोबाइल चालवणाऱ्यांना जाड हातमोज्यांनी त्या कड्या जमत नाहीत, आणि आपल्याकडे दर सिग्नलला हेल्मेट काढून घाम पुसणाऱ्यालाही नाही. झटपट लागणारं बक्कल ही सोय आहे, दोष नव्हे. तक्रार या बक्कलबद्दल आणि या शिलाईबद्दल करा. मानक कितीही चांगलं असलं तरी राखाडी दोऱ्याची चाचणी कुणी घेतलेली नव्हती.

दोष प्रयोगशाळेत तपासायचा झाला तर आयोगच नमुना सीलबंद करून पाठवतो, ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली. शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. म्हणून म्हटलं, हेल्मेट हाताबाहेर जाऊ देऊ नका.

हॉस्पिटलचा केसपेपर काढून वाचा. घाईत सोबतच्या कुणी 'हेल्मेट नव्हतं डोक्यावर' म्हटलं असेल, तर डॉक्टर तेच लिहून मोकळे होतात. तसं असेल तर सोबत गेलेल्या मित्राचं प्रतिज्ञापत्र लागेल.

पैशाचा भाग त्यामानाने सोपा. छापील किंमत ही सर्व करांसहित असते. तिच्यावर जीएसटी लावणं हीच गडबड, मग मूळ आकडा कुठलाही असो. शिवाय वैधमापनाच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तू नियमांत किंमत वाढवणारा स्टिकर चिकटवायला परवानगी नाही. कमी करणारा चालतो, तोही मूळ किंमत न झाकता. तुमच्याकडून ८२४ रुपये जादा घेतले. रक्कम छोटी आहे, पण खोकं आणि दोन्ही स्टिकर जपून ठेवा, कारण बिल आणि खोकं समोरासमोर ठेवलं की बोलायला काही उरत नाही. वैधमापन विभागाकडे तक्रार वेगळी करा. किटची सक्ती, म्हणजे एक वस्तू हवी तर दुसरीही घ्याच, ही याच ग्राहक कायद्यात निर्बंधक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. हँडलिंगचे दीड हजार कशाचे, हे लेखी विचारा; डीलरला ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे धंद्यासाठी लागणारा परवाना, आरटीओ देतं, तक्रारीची एक प्रत तिकडेही जाऊ दे.

गाडीसोबत हेल्मेट फुकट मिळायला हवं होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये दुचाकी खरेदीच्या वेळी कंपनीने मानकाचं हेल्मेट पुरवावं असं आहे. 'विनामूल्य' हा शब्द त्यात नाही. मी त्यावर केस उभी करणार नाही, पण एक परिच्छेद जरूर लिहीन. ठाण्याच्या चार हजारांचं विसरा. कुणाला किती सवलत द्यावी हे डीलर ठरवतो, त्यात बेकायदा काही नाही. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलावरचं वाक्य सदोष मालाला लागू होत नाही.

नोटीस शोरूम आणि हेल्मेट कंपनी दोघांना, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, १५ दिवसांची मुदत देऊन. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावरही शोरूमचा मॅनेजर गोड बोलू लागतो. नाही बधले तर मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्व. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाखल करता येते, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्याही. खरेदीसाठी तुम्ही दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षं. तुमच्या संमतीने वस्तू वापरणारा मुलगाही कायद्याने ग्राहकच, तेव्हा तक्रार दोघांच्या नावे करा. आकडा फुगवू नका. औषधपाणी, बुडालेले दिवस, जादा घेतलेले पैसे, मनस्तापाची आणि खर्चाची वाजवी रक्कम. चार टाक्यांसाठी दहा लाख मागणारी तक्रार वाचताना आयोगाचे सदस्य चष्मा काढून ठेवतात, हे मी समोर बसून पाहिलंय.

राहिली नव्या हेल्मेटची गोष्ट. काही अट न घालता देत असतील तर घ्या, पण पावतीवर 'हक्क राखून' असं लिहून सही करा. जुनं परत द्यायची अट असेल तर नको म्हणा. त्यांना ते बघायचंच असेल तर आयोगासमोर बघता येईल. मुलासाठी दुसऱ्या दुकानातून हेल्मेट घ्या, दुकानातच क्लिप चार-पाचदा लावून, ओढून बघा, आणि पक्कं बिल घ्या. तो खर्चही तक्रारीत मागायचा आहे.