मुलाला मानसोपचारांची गरज आहे, पण मेडिक्लेम ओपीडीचा खर्च देत नाही. परवडेल असा मार्ग कोणता?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे, कॉलेजला जाणं बंद केलंय, रात्र रात्र जागतो. समुपदेशक एका सेशनचे दीड हजार घेतात आणि मेडिक्लेममधून रुपयाही मिळत नाही. माझी मुलगी नववीत असताना आमच्या घरी हेच चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी विम्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते अ‍ॅडमिट झाल्यावर, आणि आपल्या मुलांना लागतात त्या ओपीडीतल्या भेटी. त्यामुळे पॉलिसी अ‍ॅडमिट करायची वेळ आली तरच कामाची. तेव्हा क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नसते. एचआरला मात्र आजच विचारा की एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम, म्हणजे कंपनीच्या खर्चाने समुपदेशनाची सोय, आहे का. बऱ्याच कंपन्यांत त्यात घरच्यांसाठीही काही सेशन मोफत असतात आणि आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता खर्चाचं. माझं ठाम मत आहे की निदान आणि औषधं सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात घ्यावीत आणि हातात असतील ते पैसे फक्त समुपदेशनासाठी राखावेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, पालिकेत केसपेपरचे किरकोळ पैसे पडतात.

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचे, वार ठरलेले असतात. ज्या युनिटने पहिल्यांदा पाहिलं त्याच्याच वारी जा, नाहीतर सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. मुलांसाठी वेगळी ओपीडी कोणत्या वारी असते तेही खिडकीवर विचारून घ्या. सकाळी लवकर गेलात तरी दुपार होणारच. आमच्या रांगेत शाळेचा युनिफॉर्म घातलेली मुलं होती, मांडीवर दप्तर घेऊन बसलेली. ती दिसल्यावर माझ्या मुलीचा ताठरपणा जरा कमी झाला. निवासी डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. तुम्हालाही बाहेर बसायला सांगतील, तेव्हा खरंच बसा. हे निवासी डॉक्टर बदलत राहतात, ही तिथली खरी अडचण. म्हणून सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा आणि कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी वाढवलं, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.

औषध बाहेरून घ्यायला सांगितलं तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. नैराश्यावरची नेहमीची बरीच औषधं जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात. मात्र बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

समुपदेशकांना पैशांचं स्पष्ट सांगा. "महिन्याला एवढंच जमेल" म्हटलं की बरेच जण फी कमी करतात किंवा पंधरा दिवसांनी एक सेशन आणि मधल्या दिवसांसाठी घरचा अभ्यास असं बसवून देतात. न सांगता मध्येच सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर त्यांची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे ना, तेवढं बघा.

तोवर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मुलगा बोलायला तयार नसेल तर तुम्ही बोला, पालकांचेही फोन घेतात. आणि तो मरणाबद्दल बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. त्याच क्षणी जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, त्याला एकटं सोडू नका, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, आजी-आजोबांच्यासुद्धा, कुलपात ठेवा.