जगातल्या इन्स्टंट नूडल्समध्ये पहिला नंबर कुणाचा, आणि आपली मॅगी कितवी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: इंडोनेशियाची इंडोमी, त्यातही तिचा 'मी गोरेंग' नावाचा प्रकार. मॅगीसाठी जरा थांबा.

नंबर लावताना माझा नियम एकच. पाकिटामागे लिहिलंय तसंच करायचं, पाणी मोजून आणि घड्याळ लावून. वरून अंडं, चीज, कांदा-टोमॅटो काही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण परदेशातून कुणी पाकीट आणलं की आपल्याकडे ते हमखास मॅगीसारखं शिजतं. पाणी उकळायचं, नूडल्स टाकायच्या, असतील नसतील त्या पुड्या फोडून ओतायच्या आणि पाणी आटेस्तोवर ढवळत राहायचं. मॅगी त्यासाठीच बनलेली आहे. मी गोरेंगचं मात्र त्यात पार वाटोळं होतं आणि मग लोक म्हणतात, "एवढं काय त्यात!"

मी गोरेंगच्या नूडल्स तीन मिनिटं उकडायच्या, पाणी सगळं निथळून टाकायचं आणि ताटलीत काढून ठेवलेल्या मसाल्यात त्या गरमागरम कालवायच्या. मसाला चुलीवर चढतच नाही. आत मिठा-मसाल्याची पुडी, तिखट, वासाचं तेल आणि केचाप मानिस नावाचा दाट गोड सोया सॉस असतो. पारंपरिक केचाप मानिस ताडा-माडाच्या गुळाचा करतात. खारट काकवी म्हणा ना. हे सगळं न शिजवता नूडल्सना लागतं, त्यामुळे गोड, खारट आणि तिखट एकमेकांत हरवत नाहीत, एकामागून एक जिभेवर येतात. इतक्या स्वस्त पाकिटात इतका विचार केलेला मला दुसरीकडे दिसला नाही. तक्रार एवढीच की एका पाकिटाने पोट भरत नाही.

दुसरा नंबर मी जपानच्या मारुचान सेमेनला देते. हा ब्रँड 2011 मध्ये आला. त्याचं वेगळेपण कळायला थोडं मागे जावं लागेल. जपानच्या निस्सिन कंपनीचे संस्थापक मोमोफुकू आन्दो यांनी 1958 मध्ये चिकिन रामेन बाजारात आणलं, ती जगातली पहिली इन्स्टंट नूडल. त्यांची युक्ती तळण्यात होती. शिजवलेल्या नूडल्स उकळत्या तेलात घातल्या की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक बारीक छिद्रं उरतात. पुढे गरम पाणी ओतलं की ते त्याच छिद्रांतून आत शिरतं. आजही बहुतेक पाकिटं अशीच तळलेली असतात. म्हणून तर पाकीट फोडताच तेलाचा तो ओळखीचा वास येतो आणि दहा मिनिटं ठेवलं की लगदा होतो. सेमेन तळत नाहीत, गरम हवेवर वाळवतात. खाताना ती दाताखाली ताज्या नूडल्ससारखी लागते आणि रश्शात तळणाचं तेल उतरत नाही.

चिकिन रामेनला स्वतःला मात्र मी खालचा नंबर देते. इतिहासाचा मान वेगळा, चवीचे गुण वेगळे. त्यात पुडी नसते, मसाला नूडल्सनाच लावलेला असतो. रस्सा ठीकठाक होतो, बाकी काही नाही. नेपाळची वाई वाई याच जातीची, आधीच मसाला लावलेली. शिजवली तर साधारण. पण पाकिटातच चुरा करून कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून कच्ची खाल्ली तर तिला तोड नाही. नियमाप्रमाणे कच्चीला नंबर देता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी कोरियाची शिन रामयुन, 1986 पासूनची. जाड नूडल, लसूण आणि लाल मिरचीचा झणझणीत रस्सा. पाणी 550 मिली म्हणजे 550 मिलीच. आपण सवयीने दीड कप घालतो आणि मग खारट झालं म्हणून ओरडतो. तसंही मीठ भरपूर आहेच. कोरियातल्या एका पाकिटात सुमारे 1,800 मिलिग्राम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची अख्ख्या दिवसाची मर्यादा 2,000 ची. मी निम्मा रस्सा वाटीतच सोडते.

चौथी सिंगापूरची प्राइमा टेस्ट लाक्सा. नारळाच्या दुधाचा रस्सा इतका दाट की कोकणातल्या माणसाला लगेच जवळचा वाटेल. पण किंमत बघून हात आखडतो आणि शिजायला सात मिनिटं लागतात. मग हिला इन्स्टंट का म्हणायचं?

कोरियाच्याच जहाल तिखट बुलडाक नूडल्सबद्दल बरेच जण विचारतात. 2024 च्या जूनमध्ये डेन्मार्कने त्यांचे तीन प्रकार फार तिखट म्हणून परत मागवले, महिन्याभराने त्यातल्या दोघांना परवानगी मिळाली. त्या गाजावाजाने पाकिटं आणखीच खपली असावीत. माझ्या मते ते जेवण नाही, पैज आहे. तिखटामागची गोडी बरी असते, पण ती कळायच्या आधीच जीभ बधिर होते. ही तळाला.

आता मॅगी. पाचवी. मसाल्याला पैकीच्या पैकी: धने, हळद, जिरे, मेथी, सगळं आपल्या हाताचं. 1983 मध्ये ती भारतात आली तेव्हा आपल्या जिभेला नूडल्स नवीन होत्या, मसाला नव्हता. गुण जातात ते नूडलमध्ये. ती पटकन मऊ पडते, ढवळताना तुटते आणि तिला स्वतःची अशी चव नाही. 2015 मध्ये जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ती दुकानांतून गायब होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये बंदी उठवली आणि पुन्हा उत्पादन सुरू झालेल्या कारखान्यांत गोव्यातल्या डिचोलीचाही होता. ती परत आल्यावर लोकांना जो आनंद झाला तो खरा, पण तो चवीच्या गुणांत धरता येत नाही. लोणावळ्याला टायगर पॉइंटवर पावसात खाल्लेली मॅगीही मी धरत नाही. तिथे निम्मे गुण पाऊसच मिळवून देतो.

तुम्ही शाकाहारी असाल तर परदेशी पाकिटाचं चित्र बघून फसू नका. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी जपानी रश्शात बहुतेकदा मासा असतो आणि कोरियातल्या मूळ शिनमध्ये गोमांस. हिरवा ठिपका बघूनच घ्या. शिनचा शाकाहारी प्रकार वेगळा मिळतो. मशरूमचा वास आवडत असेल तर तो मूळ शिनच्या फार मागे नाही.